विटाळ, देह आणि आतड्यातले जीवाणू

निरोगी माणसाच्या विष्ठेतले जीवाणू आजारी माणसाच्या आतड्यात सोडून तिथला जुनाट दाह आटोक्यात आणायचा, हा उपचार गेल्या दहा-पंधरा वर्षांत प्रयोगांच्या कसोटीवर बऱ्यापैकी उतरला आहे. वैद्यकाला त्याबाबत पडणारे प्रश्न मात्रेचे, सुरक्षिततेचे आणि गुण किती टिकतो याचे आहेत. धर्मविचाराला पडणारा प्रश्न वेगळा आणि फार जुना आहे. सगळ्या अपवित्र गोष्टींत जी सर्वांत खालची मानली गेली, तीच देहाला बरे करत असेल, तर पवित्र आणि अपवित्र हा भेद वस्तूत असतो की माणसांनी घालून दिलेल्या पायऱ्यांत? बुलढाणा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळा यांचे जन्मगाव मानले जाते. शेगावात गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी लोकांच्या दृष्टीस पडले, ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. विटाळ म्हणजे नेमके काय, याचे मराठीतले दोन अत्यंत धीट शोध या एका जिल्ह्याशी जोडलेले आहेत.

आधी आजार. आतड्याच्या जुनाट दाहाचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये गुदाशयापासून सुरुवात होऊन मोठ्या आतड्याचे आतले अस्तर सुजते आणि सोलवटते. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत, दाह होऊ शकतो. रक्त आणि आंव पडणे, पोटात कळा, वजन उतरणे, दिवसातून दहा-दहा वेळा शौचाला पळावे लागणे, आणि महिनाभर बरे वाटून पुन्हा सारे उफाळून येणे, असा हा त्रास असतो. मेसालामाइन, स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणारी महागडी इंजेक्शने ही त्याची नेहमीची औषधे आहेत. आजाराचे एकच एक कारण सांगता येत नाही. आनुवंशिकता, खाणेपिणे आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा यांच्या गुंत्यात आतड्यातले जीवाणूही सामील असतात, एवढे मात्र पक्के झाले आहे.

हे जीवाणू थोडेथोडके नाहीत. २०१६ साली इस्रायलमधील संशोधकांनी मांडलेल्या हिशेबानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी मानवी पेशी असतात आणि सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू. त्यांतले जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात राहतात आणि त्या सर्वांचे मिळून वजन भरते जेमतेम पाव शेर. ज्वारीच्या भाकरीतला, तुरीच्या डाळीतला, अंबाडीच्या भाजीतला जो चोथा माणसाला स्वतःला पचवता येत नाही, तो हे जीवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. म्हणजे भाकर खाणारा माणूस आपल्या आतड्याचे अस्तर दुसऱ्या जीवांच्या हातून पोसून घेत असतो. ब्युटिरेट बनवणाऱ्या जीवाणूंपैकी फीकॅलिबॅक्टेरियम हा एक महत्त्वाचा जीवाणू. क्रोन्सच्या रुग्णांत तो कमी झालेला आढळतो, असे फ्रान्समधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. भारतीयांच्या आतड्यांत प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा या वंशांचे प्रमाण ठळक असते, हे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेतील योगेश शौचे यांच्या गटाच्या अभ्यासातून पुढे आले आहे.

उपचाराची कल्पना आजची नव्हे. चीनमध्ये चौथ्या शतकात गे होंग या वैद्याने जुलाबाने मरणपंथाला लागलेल्या रुग्णांना विष्ठेचे द्रावण पाजण्याचा उपाय नोंदवून ठेवला आहे. पहिल्या महायुद्धात आजूबाजूच्या सैनिकांना हगवणीने ग्रासले असताना एक सैनिक धडधाकट राहिला. आल्फ्रेड निस्ले या जर्मन वैद्याने १९१७ साली त्याच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक वाण वेगळा काढला. तो वाण आजही औषध म्हणून मिळतो, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत ठेवण्यात तो मेसालामाइनच्या तोडीचा ठरल्याचे २००४ च्या एका चाचणीत दिसले.

आजची पद्धत प्रत्यक्षात अशी. दात्याने त्याच दिवशी दिलेली विष्ठा तोलून घेतात, सलाइनमध्ये मिसळतात, साध्या मिक्सरसारख्या यंत्रात फिरवतात आणि जाळीदार कापडातून दोनदा-तीनदा गाळतात. उरलेले तपकिरी पाणी मोठ्या सिरिंजांमध्ये भरतात. कोलोनोस्कोपीची दुर्बीण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत नेली जाते आणि तिच्या नळीतून ते पाणी हळूहळू आत सोडले जाते. त्यानंतर रुग्णाने काही तास शौचाला न जाता पडून राहायचे. एवढेच. कापाकापी नाही, भूल दिली तर हलकीशी.

सर्वांत लखलखीत यश मिळाले ते दुसऱ्याच आजारात. अँटिबायोटिक्सच्या माऱ्यानंतर उद्भवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या वारंवार होणाऱ्या संसर्गात नेदरलँड्समधील १६ रुग्णांपैकी १३ जण पहिल्याच खेपेत बरे झाले. हा अहवाल २०१३ चा. आतड्याच्या जुनाट दाहात यश त्यामानाने बेताचे आहे. २०१७ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत आठ आठवड्यांनी अपेक्षित गुण आला तो २७ टक्के रुग्णांना, तर खोटा उपचार घेणाऱ्यांत ८ टक्क्यांना. भारतात लुधियानाच्या दयानंद वैद्यकीय महाविद्यालयात अजित सूद यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले, की एकदा शांत झालेला कोलायटिस शांत ठेवायला हा उपचार उपयोगी पडतो. दिल्लीच्या एम्समधील चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात या उपचाराला दाह कमी करणाऱ्या आहाराची जोड दिली होती. आठ आठवड्यांनी ३५ पैकी २१ रुग्णांचा आजार शांत झाला, तर नेहमीची औषधे घेणाऱ्या ३१ पैकी १० जणांचा. एम्सच्या त्या चाचणीतील दाते ग्रामीण भागातले होते. ही बाब पुढच्या विचारात मोलाची ठरते. क्रोन्सबाबतचा पुरावा अजून तोकडा आहे.

आता विटाळाकडे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात देहातून बाहेर पडणाऱ्या बारा मलांची गणना आहे. त्यात विष्ठा आणि मूत्र आहेत, तसाच घाम, कानातला मळ आणि डोळ्यांतली आसवेही आहेत. नाभीच्या वरची इंद्रियद्वारे शुद्ध आणि खालची अशुद्ध, असा दंडकही तिथेच आहे. त्याच परंपरेत गाईचे शेण आणि गोमूत्र पंचगव्यात घालून शुद्धीसाठी प्राशन केले जाते. हे दोन नियम शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. शास्त्राचा निकष वस्तूच्या गुणधर्मांवर आधारलेला नाही. ती वस्तू कुणाच्या देहातून आली, यावर तो आधारलेला आहे. एकाचा मल तारतो आणि दुसऱ्याचा बाटवतो. हाच निकष पुढे माणसांना लावला गेला आणि ज्यांच्यावर इतरांची घाण उपसण्याचे काम लादले, त्यांनाच जन्माने अस्पृश्य ठरवले गेले.

आयुर्वेद या बाबतीत धर्मशास्त्रापासून बाजूला उभा आहे, आणि ही गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. सुश्रुताने देहाच्या मुळाशी दोष आणि धातूंच्या बरोबरीने मलालाही जागा दिली. चरकाने राजयक्ष्म्याच्या प्रकरणात तर सांगितले, की सगळे धातू झिजून गेलेल्या रोग्याचे बळ मलाच्याच आधाराने उरलेले असते, म्हणून त्याचा मल जपावा. चरकाला जीवाणू ठाऊक होते, असा याचा अर्थ काढणे चूक आहे. त्याच्यापुढे रोगी होता, जुलाब लागताच तो खचतो हे त्याने पाहिले होते, आणि जे पाहिले त्याला त्याने पावित्र्याच्या नियमांपेक्षा जास्त मान दिला. वैद्याची ही नजर शास्त्र्याच्या नजरेहून वेगळी आहे.

चोखामेळा आणि त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी प्रश्न मुळापासून उकरला. चौदाव्या शतकातले हे महार जोडपे; पंढरीच्या देवळाच्या आत त्यांना पाऊल टाकता आले नाही. चोखोबांचा अंत १३३८ साली मंगळवेढ्यात गावकूस बांधताना भिंत कोसळून झाला, असे परंपरा सांगते. पंढरीच्या त्याच देवळाच्या दारात त्यांची समाधी आहे. त्यांच्या नावावरील अभंगांतला युक्तिवाद असा, की सगळी शरीरे त्याच पंचमहाभूतांची बनलेली असताना सोवळे कोण आणि ओवळे कोण, हे ठरवायचे कशावरून? सोयराबाई त्याहून पुढे जातात. देह विटाळाचा आहे हे त्या नाकारत नाहीत. उलट पूर्णपणे मान्य करतात. विटाळ देहाच्या आतच उपजतो, त्याच्यावाचून कुणाचाही देह घडलेला नाही, आणि म्हणून देहाच्या आधारावर एकाने दुसऱ्याला विटाळलेला म्हणण्याला जागाच उरत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. ही केवळ करुणेची याचना नव्हे. प्रतिपक्षाचे गृहीतक उचलून ते सर्वांना सारखेच लागू करणारा, तर्काने कडेकोट असा हा बिनतोड वाद आहे.

सोयराबाईंनी बोट ठेवले ते जन्मावर, आणि तिथेच आजच्या जीवाणूशास्त्राशी त्यांची गाठ पडते. बाळ जन्मताना आईच्या अंगावरचे आणि आतड्यातले जीवाणू त्याच्याकडे जातात. नैसर्गिक बाळंतपणात आईच्या विष्ठेचा अंश लागणे ही नेहमीची बाब आहे, आणि बाळाच्या आतड्यात सर्वांआधी वस्ती करणाऱ्यांपैकी पुष्कळ जीवाणू त्या वाटेने येतात. सिझेरियनने जन्मलेल्या बाळांत यातले काही वंश कमी आढळतात. फिनलंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात अशा सात बाळांना त्यांच्याच आईच्या विष्ठेतले, काटेकोर तपासलेले जीवाणू आईच्या दुधात मिसळून पाजले गेले. काही आठवड्यांत त्यांच्या आतड्यातली वस्ती नैसर्गिकरीत्या जन्मलेल्या बाळांसारखी होऊ लागली. ज्या दहा दिवसांत घराला सुवेर पाळायला लावले जाते आणि बाळंतिणीला दूर बसवले जाते, नेमक्या त्याच दिवसांत आईच्या देहातून बाळाला आयुष्यभराची शिदोरी मिळत असते. सोयराबाईंचे बाळंतपण विठ्ठलाने नणंदेच्या रूपाने येऊन केले, अशी कथा वारकरी परंपरेत सांगितली जाते. देवाने सुवेरात हात घातला, असे सांगणाऱ्या त्या कथेचे धाडस अशा वेळी नीट कळते.

शेगावचा प्रसंग दासगणू महाराजांच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाने घरोघरी पोचवला आहे. देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झालेली. पत्रावळी बाहेर टाकलेल्या. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी या दोघांना एक तरुण त्या पत्रावळींना चिकटलेले अन्नाचे कण वेचून खाताना दिसला. त्यांनी वाढून आणलेले ताट त्याने चवीढवीचा विचार न करता सगळे एकत्र कालवून संपवले आणि गुरांसाठी साठवलेले पाणी पिऊन टाकले. ते पाणी माणसाने पिण्याजोगे नाही असे म्हटल्यावर मिळालेल्या उत्तराचा आशय असा, की ब्रह्म सगळीकडे भरलेले असताना गढूळ आणि निर्मळ हा भेद राहतोच कुठे. उष्टे हा विटाळाचाच एक प्रकार, आणि उष्ट्यातून जाते ते मुख्यतः लाळेतले जीवाणू. महाराजांनी भेदाचे मूळच उपटले, असे भाविक मानतात. ज्ञानी पुरुषाची समदृष्टी म्हणून या प्रसंगाकडे पाहणे योग्यच आहे.

तरीही समदृष्टीतून आरोग्याचा नियम काढता येत नाही, आणि इथे सावध राहायला हवे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींच्या खाऱ्या पाण्याची आणि मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ब्रह्म सर्वत्र असले तरी क्षारही पाण्यात असतातच. जीवाणूंच्या उपचारालाही हेच लागू पडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१९ मध्ये जाहीर केले, की औषधांना दाद न देणारा ई. कोलाय असलेली विष्ठा दिली गेल्याने प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या दोन रुग्णांना गंभीर संसर्ग झाला आणि त्यांतला एक दगावला. दात्याच्या विष्ठेची अशा जीवाणूंसाठी चाचणी आधी झाली नव्हती. म्हणून दात्याचे रक्त आणि विष्ठा कावीळ, एचआयव्ही, जंत, परजीवी आणि औषधांना न जुमानणारे जीवाणू यांसाठी तपासतात. निरोगी वाटणारे बहुतेक इच्छुक या चाळणीतून गळतात. घरच्या घरी, कुणाच्या सांगण्यावरून हा प्रयोग करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

इथे स्वच्छता आणि विटाळ यांची फारकत पूर्ण होते. अस्वच्छता तपासता येते, मोजता येते, धुता येते. ती ब्राह्मणाच्या आतड्यातही निघू शकते आणि मजुराच्या आतड्यात नसूही शकते. विटाळ मात्र कोणत्याही चाचणीत सापडत नाही आणि कोणत्याही साबणाने जात नाही, कारण तो जन्माला चिकटवलेला असतो. सोवळ्याच्या समर्थनार्थ ‘हे जुन्या लोकांचे आरोग्यशास्त्र होते’ असे हमखास सांगितले जाते. आरोग्यशास्त्र असते, तर ते तपासून बदलले असते. हजार वर्षे एकाच दिशेने, त्याच जातीसमूहांवर ते तुटून पडले नसते.

दात्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. एम्सने ग्रामीण दाते निवडले, यामागे वैद्यकीय विचार आहे: प्रक्रिया केलेले अन्न आणि अँटिबायोटिक्स ज्यांच्या वाट्याला कमी आली, त्यांच्या आतड्यातली जीवाणूंची वस्ती अधिक विविध असण्याची शक्यता असते. खेड्यातल्या कष्टकऱ्याच्या देहातली जी गोष्ट गावाने कायम नाकाला पदर लावून टाळली, ती शहरातल्या रुग्णाच्या औषधाची सामग्री झाली. यात खूप काही न्याय्य आहे, पण धोकाही आहे. उद्या एखादा रुग्ण विचारू शकतो: दाता कोणत्या समाजाचा? शाकाहारी आहे ना? आहाराचा प्रश्न वैद्यकाला जेवढा लागतो तेवढाच डॉक्टरांनी विचारावा. जातीचा प्रश्न रुग्णालयाने ऐकूनही घेऊ नये, कारण त्याचे उत्तर दिले की विटाळ नव्या कपड्यांत परत दारात येतो. ‘शुद्ध देशी आतडे’ असा गौरवही तितकाच घातक. त्यातून पावित्र्याची नवी उतरंड उभी राहते. शिवाय हाताने मैला उचलण्याच्या कामाला २०१३ च्या कायद्याने मनाई केलेली असूनही गटारात उतरून माणसे मरतात. गरिबाच्या विष्ठेला औषध म्हणून किंमत आणि त्याच गरिबाला ती उपसण्याची सक्ती, या दोन गोष्टी एका समाजात एकाच वेळी चालणे हे लाजिरवाणे आहे. दात्याला पूर्ण माहिती देऊन त्याची संमती घेणे, त्याच्या तपासण्यांत काही निघाले तर त्याच्या उपचाराची सोय करणे, हे त्याचे देणे आहे.

उरतो ‘मी’चा प्रश्न. तैत्तिरीय उपनिषदाने माणसाचा सर्वांत बाहेरचा कोश अन्नमय सांगितला, आणि गीतेच्या पंधराव्या अध्यायात प्राण्यांच्या पोटातला अन्न पचवणारा वैश्वानर म्हणजे परमेश्वरच, असे म्हटले आहे. पचवणारा जो आहे तो आपण नव्हे, ही जाणीव दोन्हीकडे आहे. जैन दर्शनातली निगोदाची कल्पना त्याहून थेट आहे: एकाच शरीरात अनंत सूक्ष्म जीव एकत्र राहतात, एकत्र आहार घेतात, एकत्र श्वास घेतात. या कल्पनांचा आणि जीवाणूशास्त्राचा विषय एक नाही. वैश्वानर म्हणजे जीवाणू असे समीकरण मांडणारे, गीतेवर आणि विज्ञानावर सारखाच अन्याय करतात. पण देह हे एकट्या मालकाचे घर आहे, या समजुतीला तिन्ही ठिकाणी धक्का बसतो. दुसऱ्याचे जीवाणू घेतल्याने रुग्ण कोणी दुसरा होत नाही. रक्त किंवा मूत्रपिंड घेतल्यानेही तो होत नव्हता. फरक एवढाच, की रक्ताचा दाता आपल्यातले काही काढून देतो, तर विष्ठेचा दाता देतो ते त्याने टाकूनच दिलेले असते.

धर्माचरण करणाऱ्या रुग्णाला यातून वाट काढणे अवघड नाही. हिंदू परंपरेत आपद्धर्म आहे. जिवावर बेतले की नियम सैल होतात. इस्लामी न्यायशास्त्रात निकड निषिद्धाला मुभा देते हे तत्त्व आहे. पण नियमापुरती सूट घेणे आणि नियमाचे गृहीतकच तपासणे, यांत अंतर आहे. सूट घेणारा बरा झाल्यावर पुन्हा सोवळ्यात जाऊ शकतो. किळस मात्र वेगळी. ती माणसाला रोगापासून वाचवायला उपजलेली भावना आहे आणि तिच्याबद्दल कुणाला अपराधी वाटण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे रक्त पडत असलेला रुग्ण ती फार लवकर ओलांडतो, आणि ओलांडू न शकणाऱ्यावर जबरदस्ती करू नये.

अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये अशा उपचाराच्या दोन तयार औषधांना मान्यता मिळाली, तीही क्लॉस्ट्रिडियमच्या वारंवार होणाऱ्या संसर्गापुरतीच. त्यांतले एक कॅप्सूलच्या रूपात तोंडाने घेता येते. निवडक जीवाणू प्रयोगशाळेतच वाढवून, दात्याशिवाय, आतड्याच्या दाहावर देण्याचे प्रयत्न सुरू आहेत. ते साधले की संसर्गाची भीती कमी होईल आणि किळसेचाही प्रश्न उरणार नाही. सोयराबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कॅप्सूलमुळे देऊन झाले, असे समजता येणार नाही: ते जीवाणू पहिल्यांदा मिळवले जातात ते कोणा माणसाच्या देहातूनच, आणि त्या माणसाला समाज दारात कुठे उभा करतो, हे कॅप्सूल ठरवत नाही.